जिनातलं दिव्याचं जहाज

माहं नाव कौतिका. नवऱ्याचं नाव मी घेत नाई भाऊ, तुम्ही लिहून घेऊन राह्यले तं सुमनचे बाबा असंच लिहा, सुमन आमची एकच लेक, गावात बी त्यायले तसंच म्हनतात. माहेर माहं मारेगावच्या अंगाले. बाप गावचा येसकर होता, म्हंजे दिवसभर वेशीत बसायचं, कोन आलं कोन गेलं पाहायचं, पाटलानं हाक मारली की धावायचं, अन् त्याच्या बदल्यात घरोघरची भाकर मागून आनायची. मले त्या भाकरीची लय शरम वाटे. मी मायले म्हनो, माय, मले अशा घरी दे जिथला मानूस वेशीत बसत नाई, कुठंतरी जातो येतो. माय म्हने, तुले काय कलेक्टर आनू का. पन झालं काय, वणीपासून सहा कोसावरचं स्थळ आलं, पोरगा मुंबईले जहाजावर कामाले, त्याच्या मामानं गोदीत लावून देलतं. जहाज म्हनल्याबरोबर मी अर्धी भाकर तशीच टाकून उठली. साऱ्या वस्तीत सांगत फिरली, माहा नवरा दर्यावर जातो, देश पाहतो. पोट्ट्या जयल्या माह्यावर, खरंच सांगतो.

पयल्या सुट्टीले थे घरी आले तवा मी इचारलं, कोनकोनते देश पाह्यले. थे म्हनले, कोनताच नाई. मी म्हनलं, काहून, जहाज जात नाई का. थे म्हनले, आमचं जहाज जात नसते, उभं राहते. आता काय सांगू तुम्हाले, मले वाटलं मजाक करून राह्यले. मंग त्यायनं समजावून सांगितलं. मुंबईच्या बाहेर, जमीन दिसत नाई इतक्या दूर, समुद्रात एके जागी पान्याखाली खडक हाय, तिथी दीपस्तंभ बांधता येत नाई, म्हनून तिथी एक जहाजच साखयीनं बांधून ठेवलं. लाल रंगाचं, मधात एक उंच लोखंडी डोलकाठी, तिच्यावर मोठा दिवा. बाकीची जहाजं त्या दिव्याले पाहून दुरून जातात. त्याले इंजिनच नव्हतं भाऊ. दुसऱ्या जहाजानं ओढत नेऊन तिथी उभं केलं, अन् तीस-चाळीस वर्षं थे तिथीच उभं. मी म्हनलं, मंग त्याले जहाज कायले म्हनायचं, खुंट्याले बांधलेलं बैल म्हना. त्यायले राग आला, दोन दिवस माह्यासंग बोलले नाईत.

सात मानसं त्या जहाजावर. दोन महिने तिथी, एक महिना घरी, अन् पावसाया लागला की चार-चार महिने बदलीची बोट जात नसे, मंग जो तिथी असला थो तिथीच अडकला. दिवसभर बाकीची जहाजं बाजूनं जायची, अरबस्तानची, आफ्रिकेची, कुठची कुठची, अन् हे सात जन पाहत उभे. सुमन झाली तवा थे जहाजावर. सुमनले दात आले तवा जहाजावर. पोरगी चालाले लागली अन् थे आले तं तिनं त्यायले पाहून आजीच्या लुगड्यात तोंड लपवलं. लगनाले सात वर्षं झालती अन् आम्ही एका घरात राह्यलो ते सारे दिवस एकाला एक जोडले तं दोन वर्षं बी भरत नव्हती.

मंग छप्पन साल आलं. दसऱ्याले नागपूरले दीक्षा घ्यायले जायचं असं साऱ्या वस्तीचं ठरलं. बायायनं पांढरी लुगडी घेतली, ज्यायच्यापाशी नव्हती त्यायनं जुनंच धुऊन नीळ देऊन पांढरं केलं, माह्या सासूनं तं घरातले सारे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडून देले अन् हात धुऊन घरी आली. मले वाटलं आता ही गोष्ट नवऱ्याबायकोनं संग केली पाह्यजे. आजवरचं सारं मी एकटीनं केलं, हे तरी मी एकटी करनार नाई. शायेतल्या मास्तरकडे गेली अन् चिठ्ठी लिहून घेतली. काय लिहिलं ते आजबी पाठ हाय. दसऱ्याले तुम्ही नाई आले तं मी माहेरी जाईन, परत येनार नाई, तुमच्या जहाजासंगच संसार करा. मास्तर म्हनला, कौतिकाबाई, थोडं नरम लिहू का. मी म्हनलं, मास्तर, मी जसं सांगतो तसंच लिहा.

अन् थे आले. दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकायी मी गोवऱ्या थापून राह्यली होती, पाहते तं हे दारात उभे, दाढी वाढलेली, पायात वहान नाई. मी म्हनलं, बदली आली वाटते. थे म्हनले, हो, आली. मी शेनाच्या हातानंच हसली. आम्ही सारे बैलगाडीनं, मंग रेल्वेनं, मंग पायी असे नागपूरले गेलो, सुमन त्यायच्या खांद्यावर, एवढी लाखो मानसं मी जल्मात पाह्यली नाईत, अन् आम्ही दोघं बाजूबाजूले उभे राहून हात जोडले. भाऊ, माह्या साऱ्या आयुष्यात तेवढा एक दिवस. त्या दिवशी मले असं वाटलं का आता माह्या पायात काईच नाई, कुठंबी जाता येईल.

पाचव्या दिवशी थे परत गेले. त्याच्या पुढच्या सुट्टीले आले तं मानूसच बदललेला. जेवले तं ताटाकडे लक्ष नाई, झोपले तं डोये उघडे. घटकाभर डोया लागला का दचकून उठायचे अन् वर पाहायचे, घराच्या आढ्याकडे. सासूनं नजर उतरवतो म्हनलं तं मी म्हनलं, मामी, आता आपन ते सोडलं ना. मी इचारलं, काय झालं. काई नाई. तब्येत? बरी हाय. असं दोन वर्षं चाललं.

मंग एके दिवशी थे जहाजच सरकारनं बंद केलं. त्याच्या जागी एक मोठा लोखंडी पिंप सोडला म्हनतात, त्याच्यावर आपोआप जयनारा दिवा, मानसाचं कामच नाई. जहाज ओढत गोदीत आनलं, बाकीचे सहा आपापल्या गावाले गेले, अन् आमचे त्या रिकाम्या जहाजावर राखनदार म्हनून राह्यले. मी चिठ्ठी धाडली, आता तं या. उत्तर आलं, जहाज कोनी ताब्यात घेतलं का येतो. मले तवाच समजाले पाह्यजे होतं, पन मले वाटलं सरकारी काम हाय, कागद होत असतीन.

आता पाहा नशीब कसं. ते जहाज भंगारात निघालं अन् लिलावात त्याची डोलकाठी, दिवा, घंटा, अन् वरची लोखंडी खोली कोनी घेतली तं आपल्या वणीच्या एका जिनवाल्या शेठनं. तुम्हाले जिन माहीत हाय ना, कापसातून सरकी काढतात तो कारखाना. कापसाच्या हंगामात अंगनात घराएवढ्या गंज्या लागतात, अन् एक ठिनगी पडली का सारं खलास. विडी ओढनाऱ्याची विडी-काडी फाटकावरच काढून ठेवतात. शेठले उंचावरून धूर पाहाले डोलकाठी पाह्यजे होती, ठिनगी बाहेर पडनार नाई असा बंद काचेचा दिवा पाह्यजे होता, अन् राखनदाराले आगीनं पेटनार नाई अशी खोली. गोदीत गेला तं तिथी त्याले आमचे भेटले, वणीकडचा मानूस, जहाजाची खडान् खडा माहिती असलेला. शेठ म्हनला, चल, सामानासंग तू बी चल. जहाज कोनी ताब्यात घेतलं तं हे येनार होते, तं पाहा, त्यायलेच ताब्यात घेतलं.

वणीच्या ठेसनावर दोन वाघिनी भरून ते सामान आलं. डोलकाठी आनाले बारा बैल जुपले, सारं वणी पाहाले लोटलं. मी सुमनले घेऊन आली. दहा वर्षाच्या संसारात पयल्यांदा नवऱ्याच्या नोकरीवर त्याच्यासंग राहाले भेटनार म्हनून मी हिरवा चुडा भरलता. खोली पाह्यली. चारी बाजूनं लोखंड, गोल-गोल खिडक्या, त्याले पितयेची कडी, दार असं का गुडघ्याएवढा पाय उचलून आत जावं लागे, अन् दाराले आतून बाहेरून दोन्हीकडून दांडे. मी भिंतीले हात लावून बोट चाखलं, खारट लागलं. पयल्या पावसायात भिंतीतून पांढरं पांढरं मीठ फुटलं, मी पुसो अन् ते परत फुटे. शेजारच्या बाया म्हनाच्या, कौतिका, भाजीले मीठ आनाची गरज नाई तुले.

अन् उनाया. वणीचा उनाया तुम्हाले सांगाची गरज नाई. त्या खोलीत सकायी नऊ वाजल्यापासून भिंतीले हात लावता येत नसे. एकदा सुमनची पाठ टेकली तं कातडं निघालं. मी खोलीबाहेर चूल मांडतो म्हनलं तं कापसाच्या अंगनात चूल चालत नाई, फाटकाबाहेर जाऊन स्वयंपाक कर. तशी मी आठ वर्षं फाटकाबाहेर तीन दगडावर भाकरी टाकल्या, येनारे-जानारे पाहत, अन् टोपली घेऊन आत. लोक मले जहाजवाली म्हनाले लागले. पन ऊन, मीठ, चूल हे मी सोसलं असतं. जे सोसवलं नाई ते हे का सुमनचे बाबा त्या फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नसत. बाजारात नाई, दवाखान्यात नाई, सहा कोसावर त्यायची माय, तिले भेटाले नाई. हंगामात नाई ते समजलं, पन पावसायात अंगनात कापसाचं बोंड नसे, नुसतं गवत, तरी नाई. दिवसा वरती, संध्याकायी दिवा चढवला का खाली दारात बसून वरती नजर. मी म्हनो, चला ना दोन दिवस गावाले. थे म्हनत, बदली आली का जाऊ. शेठ बी तसाच वस्ताद. त्याले पक्कं समजलं का या मानसाले कुलूप लावाची गरज नाई, फक्त बदली धाडाची नाई. त्याले इचारलं का म्हने, पुढच्या महिन्यात मानूस येतेच आहे, मी काय त्याले धरून ठेवलं का. खरंच होतं, त्यानं धरलं नव्हतं. कोनीच धरलं नव्हतं. त्याचाच तं मले राग येई, फाटक सताड उघडं अन् मानूस आत.

माह्या सासूबाईले अर्धांगाचा झटका आला तवा मी एकटी गेली. म्हातारीनं इचारलं, आला का. मी म्हनलं, येऊन राह्यले मामी, मांगून. म्हातारी वाचली, पन आठ दिवस दाराकडे तोंड करून पडली होती. मी परत आली अन् त्यायले नाई नाई ते बोलली. थे खाली मान घालून ऐकत राह्यले अन् ऐकून झाल्यावर वरती चढले.

अशात सुमनचं लगन जमलं. पोरगा चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या गावचा, मास्तरकीचं शिकलेला, त्यायले पोरगी पसंत, हुंडा नको, फक्त लगन आपल्या पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यात, पंचशील घेऊन. चैत्रातली तारीख निघाली, मांडव आमच्या गावात, सासूच्या दारात. सुमनले सोळावं लागलं होतं, बापावर लय जीव तिचा. ती मले म्हनली, आई, बाबा आले नाई तं मी उभी राहनार नाई. तिनं असं म्हनलं अन् मले माही चिठ्ठी आठवली, असंच मी बी एकदा लिहून धाडलं होतं.

चैत्रात गंज्या संपत नसतात, अन् ऊन वारा दोन्ही, आगीचा खरा धोका तवाच. मी दुपारी त्यायच्यापुढं भाकर ठेवली अन् म्हनलं, आज मले उत्तर पाह्यजे. पोरीच्या लगनाले येनार का नाई. थे म्हनले, बदली. मी ताट उचललं. म्हनलं, बदलीचं नाव काढलं तं हे ताट फेकून देईन, तुम्हाले आमच्यापेक्षा हे लोखंड जवयचं हाय का, मंग तवाच सांगाचं होतं, छप्पन साली बदली कशी आलती, तवा कसे आलते. अन् भाऊ, थे रडाले लागले. मी त्यायले रडताना कदीच पाह्यलं नव्हतं. म्हनले, तवा बदली आली नव्हती.

मंग सारं सांगितलं, त्या तापलेल्या खोलीत बसून. दसऱ्याच्या आधी बदलीची बोट याची होती ती आलीच नाई. इकडे माही चिठ्ठी त्यायच्या खिशात. जहाजावर एक रीत होती, जानारा अन् येनारा दोघंबी साखयीवर हात ठेवत, जानारा म्हने दिलं, येनारा म्हने घेतलं, तवाच बोटीत पाय ठेवाचा. दोघं बोलल्याशिवाय जहाज सोडाचं नाई. त्यायचा जोडीदार होता हुसेनभाई, रत्नागिरीकडचा, वयानं मोठा. त्यानं सुमनच्या बाबाचं तोंड पाह्यलं अन् म्हनला, जा रे, तुझा पहारा मी करतो, नायतर बायको परत यायची नाय. दुपारी सारंग, म्हंजे जहाजावरचा मुकादम, झोपलेला पाहून हे एका मच्छीवाल्याच्या होडीत उतरले. हुसेनभाईनं वरून हात हलवला. घेतलं असं म्हनलाच नाई, नुसता हात हलवला. मंग त्यानं आपला पहारा अन् सुमनच्या बाबाचा पहारा दोन्ही केले, दिवस अन् रात्र, अन् पाचव्या दिवशी दिव्याची काच पुसाले वर चढला तं हात सुटला. त्याले झोप लागली असंल. खाली समुद्र. सापडला बी नाई. हे परत गेले तवा सारं होऊन चुकलं होतं. सारंगनं कागदावर हे जहाज सोडून गेलते असं दाखवलंच नाई, नाईतर त्याचीच नोकरी गेली असती. कोनी यायले एक शब्द बोललं नाई. सुमनचे बाबा म्हनले, कोनी मारलं असतं, जेलात टाकलं असतं, तं मी कवाचा सुटलो असतो.

मी ताट हातात घेऊन तशीच उभी होती. मले काय वाटलं ते सांगतो. त्यायचा नाई, मले त्या मास्तरचा आठव आला, थोडं नरम लिहू का म्हननाऱ्याचा. माहा तो एक सुखाचा दिवस, नागपूरचा, मी अकरा वर्षं रोज काढून पाहत होती, अन् त्याच दिवसात तिकडे तो मानूस दोन मानसाचा पहारा करून राह्यला होता. मी म्हनलं, मले आधी काहून नाई सांगितलं. थे म्हनले, मंग तुले तो दिवस सुखानं कसा आठवता आला असता.

त्या दुपारी मी शेठकडे गेली. म्हनलं, चार दिवसाची बदली पाह्यजे. शेठ म्हनला, चैत्रात मानूस कुठून आनू. मी म्हनलं, मी हाय ना. शेठ हसला, दोन-तीन मापाडी हसले, म्हने बाईमानूस डोलकाठीवर चढन का. मी लुगड्याचा काष्टा मारला अन् साऱ्यायसमोर भर उनात त्या लोखंडी दांड्यायवर पाय देत वर गेली. हाताले फोड आले, सांगतो तुम्हाले, दांडे तापलेले होते, पन मी वर फयीवर जाऊन बसली अन् घंटा वाजवली. खाली सारे तोंड वर करून उभे. सुमनचे बाबा खोलीतून धावत आले, पांढरेफटक, खालून हात पसरून उभे राह्यले, जसं काई मी पडलीच. उतरली तं माहा दंड असा धरला का वय उठले. म्हनले, नाई, तुले मी देनार नाई, तू पडशील. मी म्हनलं, मी दोघायचा पहारा नाई करत, एकट्या तुमचाच करतो, अन् हात हलवून नाई, रीतीनं घेतो. शेठ म्हनला, ठीक हाय, चार दिवस, पन एक घडी बी वरची जागा रिकामी दिसली तं मंग बदलीचं नाव पुन्हा काढाचं नाई.

लगनाच्या आदल्या दिवशी सकायी आम्ही दोघायनं दिवा वर चढवाच्या साखयीवर हात ठेवला.  थे म्हनले, दिलं. मी म्हनलं, घेतलं. मंग थे फाटकापाशी गेले, तिथी थांबले, वयून पाह्यलं, मी म्हनलं जा ना आता. अन् गेले.

हो भाऊ, माह्या एकुलत्या एक पोरीचं लगन मी पाह्यलं नाई. मी वरती बसली होती. जिनाचा दुपारचा भोंगा झाला तवा मांडवात पंचशील चालू असंल असा अंदाज धरून मी बी वरतीच हात जोडले, त्रिशरन म्हनलं, पंचशील म्हनलं, पोरीचा चेहरा आठवून पाह्यला तं तिच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ कोनता घेतला तेच आठवे ना. रडली. लोखंडाले डोकं लावून पोटभर रडली, रडता रडता बी चारी बाजूनं पाहत होती कुठं धूर तं नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा-नवरीची बैलगाडी सासरी जाताना जिनाच्या फाटकावर थांबली. हंगामात बाहेरच्याले आत सोडत नाईत. मी वरून पाह्यलं, सुमन गाडीतून उतरली, फाटकाचे गज धरून उभी राह्यली अन् आवाज देला, आई. मी एक पाय खालच्या दांड्यावर टाकला. तवाच पाह्यलं तं शेठ कचेरीच्या ओसरीत येऊन उभा, हातात चहाचा कप, नजर वरती. मी उतरली असती तं त्याले जे पाह्यजे तेच झालं असतं, अन् सुमनच्या बाबाले परत कदी बाहेर पडता आलं नसतं. मी पाय परत वर घेतला. वरूनच हात केला. तिनं गज धरून लय वेळ वाट पाह्यली, जावई खाली मान घालून उभे, मंग तिनं बुंदीची पुडी फाटकावाल्यापाशी देली अन् गाडीत बसली. वर्षभर माह्यासंग बोलली नाई पोरगी. तिची काय चुकी, तिले काय माहीत.

चवथ्या दिवशी थे परत आले, बोलल्याप्रमाने. दाढी केलेली, डोक्याले तेल. आलेल्या पावन्यायनं सांगितलं, लगन लागलं अन् सुमनचे बाबा मांडवात जे आडवे झाले ते दीड दिवस उठलेच नाईत, लोकायले वाटलं बिमार हाय, म्हातारी जवय बसून वारा घालत होती. अकरा वर्षाची झोप ती. डोये असे निवयलेले होते भाऊ, लगनाच्या वर्षी जसे होते तसे. थे साखयीपाशी आले, हात ठेवला अन् म्हनले, दे आता. मी त्यायच्याकडे पाह्यलं. चार दिवसात माहे हात फोडायनं भरलेले, पाठ धरलेली, मले बी घरी जाचं होतं, लय जाचं होतं. मी म्हनलं, नाई देत. थे म्हनले, कौतिका, असं काय करते. मी म्हनलं, तुम्ही मायजवय जा, तिच्या डोक्याले तेल लावा, वावरात जा, झोपा. जोवर मी दिलं म्हनत नाई तोवर तुम्हाले हे घेता येत नाई, तुमचीच रीत हाय. थे भांडले, मनवलं, दिवसभर फाटकात बसले. मी वरतीच राह्यली. ती चिठ्ठी माही होती ना भाऊ. त्यायनं इतके दिवस माह्या चिठ्ठीचा पहारा केला, आता माहा मी करीन.

त्याले तीन वर्षं झाली. शेठनं मले कामावर ठेवलं, हसत ठेवलं, आता हसत नाई, कारन दोनदा धूर मीच आधी पाह्यला. खोली तीच, भिंतीतून मीठ अजून फुटते. गोड वाटते असं खोटं नाई सांगत, डोकं फिरते कदी कदी, वरून रस्ता दिसतो, मोटारी जातात, बैलगाड्या जातात, अन् मी उभी. शेठ म्हनते, बदली धाडतो. मी म्हनलं, धाडा. मले बी आता त्याचं खरं वाटत नाई. सुमनले पोरगी झाली, मागच्या महिन्यात ती तिले घेऊन फाटकापाशी आलती, मी तिले सारं सांगितलं, छप्पन सालापासून, तं ती गजायमधून माहा हात धरून लय रडली. तिचं भलं होवो, त्या लेकराचं भलं होवो, त्या हुसेनभाईच्या लेकरायचं बी, कुठं असतीन तिथी.

अन् सुमनचे बाबा दर बाजाराच्या दिवशी येतात, सहा कोस पायी. भाकर अन् मायनं केलेला ठेचा आनतात. येतात तं आधी साखयीले हात लावून इचारतात, देते का. मी म्हनतो, नाई. मंग थे फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली आडवे होतात अन् दुपार कलेपर्यंत घोरतात. ते पाहा ना, तिकडे, पांढरा रुमाल तोंडावर घेतलेले, थेच थे. आता तुम्ही निघनार असान. फाटक जरा हलक्या हातानं लावा भाऊ, लय आवाज करते ते.